जांभ्याचं घर: भिंती उघड्या ठेवाव्यात की गिलावा? आणि उजेडाचं काय?

कातळसडा

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीकडे उतरत जाणारी आमची थोडी जागा आहे. तिथे आईबाबांसाठी, आणि पुढेमागे आमच्यासाठी, घर बांधायचं ठरलंय. बैठं घर, जोतं साधारण अकराशे चौरस फुटांचं, वर छोटा माळा. माझ्या डोक्यात आहे ते असं: जांभ्याच्या भिंती आतून-बाहेरून उघड्या, वर मंगलोरी कौलं, जुन्या सागाची दारं-खिडक्या, खाली तांबडा कोबा. प्लास्टिक पेंट, पीओपी, चकचकीत टाइल्स यातलं काही नको.

आर्किटेक्ट बाई म्हणतात, "मग दिवसा दिवे लावून बसायची तयारी ठेवा." त्यांचं म्हणणं, आतून गिलावा करून चुना मारा, नाहीतर खाडीच्या बाजूला म्हणजे पश्चिमेला भिंतभर काच घ्या. काचेवरून घरात दोन तट पडलेत. बायकोला खाडी दिसायला हवी. बाबांच्या मते काच लावली की पाठोपाठ एसी येतो. आईनं अजून मत दिलेलं नाही.

अशा घरात जे राहतात किंवा ज्यांनी बांधलंय त्यांनी लिहा. बजेट 'बरं' आहे, 'वाट्टेल ते' नाही.

पडवीवाला

पश्चिमेला भिंतभर काच? कोकणात? आधी जूनमध्ये एक दिवस त्या जागेवर छत्री घेऊन उभे राहा आणि मग ठरवा.

मधली_आळी

वाचनखूण साठवली. आमचंही देवरुखला घाटतंय.

पणजीकर

उघड्या जांभ्याबद्दल एक जुनं उदाहरण देतो. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस बॅसिलिका. काम १५९४ ला सुरू झालं, १६०५ मध्ये संपलं. आज आपण सगळे त्या तांबूस भिंतीपुढे फोटो काढतो आणि 'वा, काय नैसर्गिक पोत' म्हणतो. पण ती इमारत तशी बांधलेलीच नव्हती. तिला चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच खरवडून काढला, दगड दिसावा म्हणून. तेव्हापासून पाऊस थेट दगडात मुरतोय, दगड झिजतोय, आणि गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे. समोरचं से कॅथेड्रल पांढरं आहे ते पाहा.

आपले बापजादे गिलावा करायचे ते दगडाचं सौंदर्य कळत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांना पाऊस माहीत होता.

कातळसडा

@पणजीकर, हे माहीत नव्हतं. पण आमच्या गावात पन्नास-साठ वर्षं उघडी असलेली जांभ्याची घरं धड उभी आहेत की.

गवंडीपुत्र

दोघंही बरोबर आहात. वडील गवंडी, मी आता ठेकेदारी करतो, रत्नागिरी-संगमेश्वर भागातच. गावातली उघडी घरं टिकलीत ती वळचणीमुळे. कौलांची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, भिंतीच्या तीन-चार फूट पुढे आलेली असते, त्यामुळे दगडाला थेट धार लागत नाही. चर्चच्या उंच भिंतीला असली वळचण कुठून येणार?

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनंही घडवता येतो, हवा लागली की घट्ट होतो. पण भोकं भोकंच राहतात. पाणी पितो तो. तर उघडा ठेवायचा असेल तर:

दगड निवडून घ्या. खाणीत वरच्या आणि खालच्या थराच्या दगडात फरक असतो. पांढरी-पिवळी माती जास्त दिसणारा चिरा (जांभ्याचा घडीव ठोकळा) बाजूला टाका, तो पावसात आधी उकलतो.

दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भिंतीच्या बरोबरीत भरा. हल्ली फोटोत बरं दिसतं म्हणून खोल दर्जा ठेवतात. त्या खाचेत पाणी थांबतं आणि मग शेवाळ.

चमकणारं वार्निश लावू नका. पहिल्या वर्षी ओल्या दगडाचा झकास रंग येतो, नंतर आत अडकलेली ओल पापुद्रे काढते. पाणी झटकणारं पण वाफ बाहेर सोडणारं सिलेनचं द्रावण मिळतं, तेच वापरायचं आणि काही वर्षांनी परत मारायचं.

आणि पश्चिमेची व दक्षिणेची भिंत बाहेरून उघडी ठेवायचा हट्ट असेल तर पुढे पडवी घ्या. नुसती भिंत नको.

अक्षांश

भूगोल शिकवायचो, सवय जात नाही. काचेचा हिशेब मांडतो.

खिडकीवर दोन फुटांचा छज्जा धरू. गुहागर साडेसतरा अंशांवर आहे. दक्षिणेच्या भिंतीवर भरदुपारी या छज्ज्याची सावली २१ मार्चच्या सुमारास सहा फूट खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरात सूर्य ४९ अंशांपर्यंतच चढतो, तेव्हा सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि तिच्या खालून ऊन आत येतं. थंडीत ते हवंच असतं. जूनमध्ये सूर्य माध्यान्हीला डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेला ऊनच नाही. थोडक्यात, दक्षिणेची खिडकी साध्या छज्ज्यानं सांभाळता येते.

आता पश्चिम. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजाच्या २६ अंश वर असतो. तोच छज्जा जेमतेम एक फूट सावली देतो, बाकी सगळी काच उन्हात. छज्जा वाढवून हे निस्तरत नाही. आठ फुटांची पडवी घ्या, तिची वळचण सात फुटांवर आणा, की पाचचं ऊन भिंतीवर तीन फुटांच्या खालीच पोहोचतं. जुन्या लोकांनी पडवी नुसती पाहुण्यांसाठी नव्हती काढली.

झुळूक

@अक्षांश सर, दंडवत! शाळेत हे असं शिकवलं असतं तर...

अक्षांश

शिकवलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय. काचेच्या भिंतींची जी घरं आपण फोटोत बघून हरखतो त्यातली बरीच इकडची असतात. इथे ४८ अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १८ अंश वर येतो, त्यामुळे मिळेल तेवढं ऊन घरात ओढायचं म्हणून दक्षिणेला मोठी काच. गुहागरला ऊन ओढायची नाही, टाळायची गरज आहे. फोटो बघताना ते घर कुठल्या अक्षांशावरचं आहे हेही बघा.

कुंपणावरचा_सरडा

सगळे 'नैसर्गिक, नैसर्गिक' करताय म्हणून विचारतो. चिरेखाणीनं सड्यावर (कातळाच्या माळावर) पडलेले खड्डे पाहिलेत का? जुना साग कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्याचा. कोटा फरशी नैसर्गिक, पण ती राजस्थानातून ट्रकनं येते. उगाच पुण्यवान असल्याचा आव नको एवढंच म्हणतो.

गवंडीपुत्र

@सरडा, मुद्दा आहे. पण चिरा दहा-पंधरा किलोमीटरवरून येतो, भाजावा लागत नाही, आणि घर पाडलं तर तोच चिरा परत लागतो. मी स्वतः जुन्या घरांचे चिरे नव्या कुंपणाला लावलेत. सिमेंटच्या ब्लॉकचं असं होत नाही.

वेंगुर्लेकार

कौलां घालूच्या आधी माकडांका इचारा!

पडवीवाला

+१०० @वेंगुर्लेकार. आमच्या वाडीत निम्म्या घरांवर आता निळे पत्रे आहेत ते हौसेनं नाहीत. वानरांची टोळी एका उडीत पाचपंचवीस कौलं खाली आणते. दर पावसाळ्याआधी शाकारणी करायला माणूस मिळत नाही, मिळाला तर कौल मिळत नाही.

मधली_आळी

मग काय करायचं? आम्हीही कौलंच धरून चाललोय.

गवंडीपुत्र

तीन वाटा आहेत. एक, लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), वर पत्रा आणि पत्र्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) ठोकून कौलं. कौल फुटलं तरी घरात गळत नाही. दोन, उतरता स्लॅब आणि वर कौलं. महाग, पण माकडांचा विषय संपतो. तीन, वासे-रिपा-कौलं, जुन्या पद्धतीनं, आणि दर वर्षी दुरुस्ती. गावात कायम कुणी राहणार असेल तरच तिसरी.

रिपावासा

स्लॅबवर कौलं म्हणजे शुद्ध सोंग. कौलाचं काम काय? फटींतून गरम हवा बाहेर जाते, घर श्वास घेतं. खाली काँक्रीट ओतलंत की कौल म्हणजे नुसता दागिना. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला तो दागिने घडवायला नव्हे. हलकं, एकमेकांत अडकणारं, भरपूर पावसात टिकणारं छप्पर म्हणून ते कौल अख्ख्या किनाऱ्यावर पसरलं.

पडवीवाला

@रिपावासा, आपण राहता कुठे?

रिपावासा

ठाण्यात. सातव्या मजल्यावर. त्यानं मुद्दा चुकतो का?

पडवीवाला

मुद्दा नाही चुकत. फक्त माकडं चुकतात.

भीमाकाठ

सोलापूरकडचा आहे, जांभ्याचं कळत नाही, पण दगडमातीचं कळतं. आमचं जुनं घर माळवदाचं. दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकूड आणि पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात आत गेलं की गार. उजेड फक्त दारातून आणि वरच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून. दुपारी त्या सवण्याखाली बसून आजोबा पोथी वाचायचे, आणि ऊन सरकलं की पोथी सरकवायचे.

पण त्याच पद्धतीची घरं ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे लोकांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली. दगडाचा दोष नव्हता. भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगडच नाही. वर मातीचं प्रचंड ओझं. हादरा बसल्यावर थर एकमेकांपासून सुटले. त्यानंतर आमच्याकडे मातीच्या घराचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. 'नैसर्गिक' म्हणताना हे विसरू नका. चिपळूण-गुहागर कोयनेपासून काही फार लांब नाही, तिथेही १९६७ ला हादरा बसलाच होता.

गवंडीपुत्र

@भीमाकाठ, फार योग्य आठवण केलीत. @कातळसडा, जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे तीन आरसीसी पट्टे चारही भिंतींवरून सलग फिरवून घ्या. उघड्या जांभ्यात मध्येच राखाडी पट्टा दिसतो म्हणून लोक नको म्हणतात. दिसू दे.

लाकूडतोड्याची_सून

जुना साग घेताना एक सांगते. वखारीत दारं-खिडक्या आधी विकत घ्या, त्यांची मापं आर्किटेक्टला द्या आणि मग भिंती काढा. लोक उलटं करतात, मग सुंदर चौकट कापून छोटी करावी लागते. रंगाचे थर खरवडल्याशिवाय आतलं लाकूड कळत नाही, सागाच्या भावात भलतंच गळ्यात पडतं. आणि सागच कशाला? फणस, आईन, किंजळ तुमच्याच भागातलं. नवीन फणस पिवळाधमक असतो, वर्षागणिक गडद होत जातो. वाळवीसाठी चौकटीचे पाय जमिनीत गाडू नका, दगडावर टेकवा.

जाळीदार

उजेडासाठी विटांच्या जाळ्यांचा विचार का नाही? लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारतीत काय सुंदर वापरल्यात. पाऊस तिकडेही आहेच.

पडवीवाला

जाळी पूर्वेला किंवा आतल्या भिंतीत छान. पश्चिमेला लावलीत तर झड थेट अंथरुणात. आमच्याकडे अजूनही पावसाळ्यात पडवीला माडाच्या चुडतांची (झावळ्यांची) झडी, म्हणजे आडोसा, बांधतात, उगाच नाही.

चुलीपुढची

सगळा धागा वाचला. पडवी, वळचण, वासे, दर्जा... सगळं छान. स्वयंपाकघर शब्द एकदाही आला नाही, लक्षात आलं का कुणाच्या?

माझं बालपण राजापूरजवळ चिरेबंदी घरात गेलं. लोक म्हणतात जुनी घरं किती हवेशीर, किती उजेडाची. हो, ओटीवर उजेड होता. पडवीत वारा होता. तिथे पुरुषमाणसं आणि पाहुणे बसायचे. माजघर भरदुपारी अंधारं. आणि स्वयंपाकघर घराच्या मागच्या टोकाला, एक वीतभर खिडकी, चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती आणि काळे वासे. वर दोन काचेची कौलं होती, तीही काजळीनं भरलेली. माझ्या आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा तिला वेगळं काही वाटलंच नाही, इतकी तिला अंधारात हातानं काम करायची सवय होती.

तेव्हा माझा प्रश्न, आत भिंत उघडी की चुना हे नंतर. तुमच्या नकाशात स्वयंपाकघर कुठे आहे?

कातळसडा

@चुलीपुढची, नकाशा काढून बघितला. वायव्य कोपरा. एक खिडकी, पश्चिमेला. खिडकीबाहेर धुणं-भांड्याची मोरी आणि तिच्यावर पत्रा.

चुलीपुढची

म्हणजे एप्रिलमध्ये चारला चहा करताना तोंडावर ऊन आणि जुलैमध्ये अकरा वाजता दिवा. शिवाय भिंती तांबड्या, जमीन तांबडी. छान.

झुळूक

दंडवत क्रमांक दोन.

अक्षांश

बाईंनी नेमका मुद्दा पकडला. उजेड खिडकीतून येतो हे अर्धंच. आत आल्यावर भिंती, जमीन, छत त्याला किती वेळा परत फेकतात यावर खोली उजळ की अंधारी ते ठरतं. ताजा चुना पडलेल्या उजेडातला साधारण पाऊण हिस्सा परत देतो. विटेच्या रंगाचा दगड पाव हिस्सा किंवा थोडा जास्त. दुसऱ्या उडीला पाऊणचे अर्ध्याहून जास्त उरतात, पावाचा सोळावा भाग. म्हणून खिडकीपासून दहा फूट आत, तीच खिडकी असूनही, चुन्याची खोली उजळ आणि उघड्या जांभ्याची खोली गुहा.

त्यात रुंद वळचणीमुळे आकाश दिसतच नाही. कोकणी घरात बराचसा उजेड खळ्यावरून, म्हणजे अंगणावरून, उसळून छताला लागतो आणि तिथून खाली येतो. म्हणून छताची आतली बाजूही फिकी हवी. खळ्यात गर्द झाडी लावलीत तर तोही गेला.

रिपावासा

मग जांभा झाकूनच टाकायचा असेल तर ब्लॉकचं घर बांधा ना सरळ!

गवंडीपुत्र

असं कसं? जाड जांभ्याची भिंत उष्णता हळू आत घेते, ते काम ती गिलाव्याखालीही करतेच. फक्त वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट नको, भिंतीतली ओल कोंडते. चुन्याचा गिलावा करा. कारागीर मिळवणं अवघड, वेळ जास्त, पण चिपळूण-रत्नागिरीत अजून आहेत. नाहीच जमलं तर दर्जा भरून थेट दगडावरच चुन्याचे तीन-चार हात. चिऱ्यांचे सांधे पुसट दिसत राहतात आणि खोलीही उजळते. चुना आधी बरेच दिवस भिजत ठेवायचा, गाळायचा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ.

लाकूडतोड्याची_सून

आमच्याकडे तसंच केलंय. अंगाला लागतो म्हणून सासरे कुरकुरतात. भिंतीला टेकून बसायची सवय असेल तर तीन फुटांपर्यंत लाकडी फळ्या मारा.

वेंगुर्लेकार

सासऱ्यांका खुर्ची घेवन देवा, फळयांपेक्षा स्वस्त!

मधली_आळी

काचेच्या कौलांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. लावावीत का?

अक्षांश

लावा, पण मोजकी, आणि उत्तरेच्या पाखीवर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य तिकडे जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा उत्तरेच्या पाखीतूनही कडक ऊन येईल. पण त्यातला बराच काळ ढगांचा. मेमध्ये खालून जाड कापड ताणायची सोय ठेवा.

पडवीवाला

माझं मत उलट. काचेचं कौल नकोच. शेवाळ धरतं, धुवायला वर कोण चढणार? त्यापेक्षा आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत, पूर्वेच्या बाजूला, उंचावर खिडकी घ्या. गरम हवाही तिथूनच जाईल.

कातळसडा

मंडळी, चार दिवस गायब होतो, नकाशावर भांडत होतो. सद्यस्थिती अशी.

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. चुलीपुढची ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग तिनं पहिल्यांदा मत दिलं: "मला भाजी निवडताना अळी दिसली पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा." स्वयंपाकघर आग्नेयेला आणलं, पूर्व आणि दक्षिण अशा दोन खिडक्या, ओटा पूर्वेच्या खिडकीखाली. आत सगळीकडे चुना. उघडा जांभा बाहेरून आणि पडवीच्या भिंतीला. माझा एक हट्ट राहिलाय, बसायच्या खोलीतली खिडकीसमोरची एकच भिंत आतून उघडी. आर्किटेक्ट बाई हो म्हणाल्यात, पण तोंड वाकडं करून.

कोबा ओटी-पडवीत तांबडा, आत फिकट शहाबादी. पश्चिमेला आठ फुटांची पडवी, तिच्यात उघडणारी रुंद लाकडी दारं. खाडी बघायची तर पडवीत येऊन बसायचं, असा बायकोशी तह झालाय. तिनं त्याबदल्यात झोपाळा मागितलाय.

छपराचं अजून ठरत नाही. बाबा पत्रा-कौलं म्हणतात, मी वासे-रिपा. काचेचं कौल की उंच खिडकी यावरही मतं घेतोय.

रिपावासा

वासे-रिपा! वासे-रिपा!

पडवीवाला

शाकारणीला दर मेमध्ये ठाण्याहून हे येणार असतील तर माझंही अनुमोदन.

चुलीपुढची

आईंना नमस्कार सांगा. ओट्याची उंची त्यांना उभं करून मोजून घ्या, बाजारातल्या मापानं नको. आणि मोरीवरचा पत्रा पूर्वेच्या खिडकीसमोर सरकवला नाही ना, तेवढं बघा.

कातळसडा

सरकवला होता. आता काढतो.

गवंडीपुत्र

एक व्यवहाराचं. पाऊस सुरू झाला की खाणी बंद होतात आणि दिवाळीनंतर सगळेच एकदम चिरे मागतात. जोत्याचे आणि निदान खिडकीच्या उंचीपर्यंतचे चिरे मेमध्येच आणून रचून ठेवा. एक पावसाळा अंगावर घेतला की कच्चा दगड आपोआप कळतो, तो कुंपणाला वापरा. चुन्याचं काम मात्र छप्पर चढल्यावर, कोरड्या दिवसांत. गवंड्यानं "पावसातही होईल हो" म्हटलं तर दुसरा गवंडी बघा.